भुकेची मशागत

भक्तिकाव्य शिकवताना 'आर्त' या शब्दापाशी मी हटकून थांबत असे. आर्त म्हणजे नुसती इच्छा नव्हे. तीत वेदना आहे आणि त्या वेदनेपासून सुटका नको असणेही आहे, असे सांगे. काही वर्षांपूर्वी तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तुम्ही चर्चला जाता ना? तुम्हाला असे कधी होते का?" मी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा दाखला दिला. तुकोबांच्या वाटेने ते ख्रिस्तापर्यंत कसे पोचले, ते सांगितले. तिचे समाधान झाले असावे. माझे झाले नाही. तिने माझ्याविषयी विचारले होते आणि मी टिळकांविषयी बोललो होतो.

रविवारची उपासना मी चुकवत नव्हतो. जेवणापूर्वी प्रार्थना होती, लेंटच्या चाळीस दिवसांत मटण वर्ज्य होते. सारे यथास्थित होते. फक्त भूक नव्हती. डोंगरावरील प्रवचनात येशूने धन्य म्हटले ते भुकेल्या-तान्हेल्यांना, तृप्तांना नव्हे. हे वचन मला पाठ होते आणि माझा समावेश त्यात होत नव्हता.

माझी नगरची आजी पहाटे शास्त्र वाचून प्रार्थना केल्याखेरीज चहाचा घोट घेत नसे. लहानपणी मला तो सोवळ्यासारखा नियम वाटे. एकदा विचारले, तेव्हा म्हणाली, "अरे, पोट भरलं की मन सुस्तावतं. थोडं रिकामं राहावं माणसानं." त्या वाक्याचा अर्थ मला ऑगस्टीनपाशी लागला. पाचव्या शतकाच्या आरंभी, उत्तर आफ्रिकेतील हिप्पो या गावी, योहानाच्या पहिल्या पत्रावर प्रवचने करताना त्याने पिशवीचा दृष्टान्त दिला आहे. मिळणारी वस्तू मोठी आणि पिशवी लहान असेल, तर आपण पिशवी ताणून मोठी करतो. देव देण्यास विलंब लावतो तो अशासाठी; त्या ताणाने इच्छा वाढते आणि इच्छेबरोबर अंतःकरणाची धारणशक्ती. पण पिशवीत आधीच काही भरलेले असेल, तर ते ओतून टाकावे लागते, असेही तो सांगतो.

माझी पिशवी कशाने भरली होती? व्यसनांनी नव्हे, पैशानेही नव्हे. ती भुकेविषयीच्या बोलण्याने भरली होती. साहित्याच्या अध्यापकाला हा धोका विशेष असतो. दुसऱ्याच्या तळमळीचे रसग्रहण करता करता आपणही तळमळलो, असा भास होतो. बेचाळिसावे स्तोत्र मी कितीदा शिकवले! पाण्यासाठी धापा टाकणारी हरिणी, तिची प्रतिमासृष्टी, ध्रुपदाची पुनरावृत्ती. त्या कवीला एके काळी मेळ्याबरोबर मंदिराकडे जाता येत होते आणि आता येत नाही, ही साधी गोष्ट मात्र मी ओलांडून जात असे. वारी चुकलेल्या वारकऱ्याचे दुःख आहे ते. ज्याने चव घेतली आहे, त्यालाच अशी भूक लागते. म्हणून स्मरण हे तिचे पहिले खत.

टिळकांकडेही मी आता निराळ्या नजरेने पाहतो. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. ती कथेची अखेर मानून आपण थांबतो. परंतु बावीस वर्षांनी, १९१७ साली, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. वय छप्पन्नच्या घरात, प्रतिष्ठा स्थिर, आणि तरीही पुरेसे झाले नव्हते. १९१९ साली ते गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

भूक आपल्याला निर्माण करता येत नाही, ती कृपाच. पण शेतकऱ्यालाही पाऊस पाडता येत नाही, म्हणून तो नांगरट टाळत नाही. हल्ली पहाटेचा तास मी रिकामा ठेवतो. चहा नाही, मोबाइल नाही आणि हातात पेन्सिलही नाही. पुष्कळदा काहीच घडत नाही. तो कोरडेपणा मी पूर्वी टिपणे काढून भरून टाकत असे; आता तसाच राहू देतो. त्या विद्यार्थिनीने आज पुन्हा विचारले, तर मी एवढेच म्हणेन की होत नाही याचे मला आता वाईट वाटते. पूर्वी तेही वाटत नव्हते.