पुराची रेघ

मेलबर्न

प्रिय नंदू,



एजंटांचा व्हिडिओ तूही पाहिला असशीलच. आपलं चिपळूणचं घर त्यांनी नीट दाखवलंय. खिडक्या उघडून उजेड आत घेतला, पडवीतली अडगळ हलवली, आणि अण्णांच्या खोलीत शिरल्यावर आपोआप आवाज खाली आला त्यांचा. माणूस वाईट नाही. तू बंगळुरात, मी इथे. आपण नुसत्या सूचना करतो, पावसाळ्याआधी उभं राहून कौलं शाकारून घेतली ती त्यांनीच. दोन टक्के दलाली मला जड वाटत नाही.

पण माजघराच्या भिंतीपाशी आल्यावर ते म्हणतात, "ताई, इथे एक रंगाचा हात मारून घेऊ. गिऱ्हाईक बिचकतं."

अण्णांच्या ऑइलपेंटच्या त्या दोन रेघा. 26 जुलै 2005 च्या पुराची खालची, 22 जुलै 2021 च्या पुराची वरची. दुसऱ्या वेळी घरात अजून चिखल असतानाच ते ब्रश शोधत होते आणि आई म्हणाली होती, "आधी प्यायला पाणी आणा, मग इतिहास लिहा." वाशिष्ठी नदीने फ्रिज, गाद्या, सगळं नेलं, पण अण्णा हळहळत होते ते टिळक वाचन मंदिरातल्या भिजलेल्या पुस्तकांसाठी.

रंग मारायचा नाही, असं माझं मत आहे. आणि ते केवळ अण्णांपायी नाही. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर चिपळुणात निळी आणि लाल पूररेषा आहे: निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. घेणारा जुनं पाडून नवं बांधणार, म्हणजे त्याचा आर्किटेक्ट पहिल्या दिवशी तो नकाशा उघडणार. ती रेघ कुठल्या डिस्टेंपरने झाकायची? शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 आहे. साध्या नजरेला न दिसणारा दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो. रेघ दिसते आहे तोवर ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आहे. आपण तिच्यावर रंग चढवला की ते आपलं लपवणं झालं. लांबून घर विकताना हीच सोय असते बघ, की आपल्या नावाने बोललेलं खोटं आपल्याला ऐकू येत नाही. किंमत थोडी खाली येईल. येऊ दे.

दुसरं, कुलमुखत्यारपत्र. "माझ्याच नावावर करून द्या, तुम्हाला यायला नको," असं ते सुचवतात. करायचं नाही. महाराष्ट्रात घर विकायचा अधिकार मोबदला न घेता सख्ख्या भावाला दिला तर 500 रुपयांचा मुद्रांक पुरतो. परक्याला दिला तर खरेदीखतासारखं पूर्ण मुद्रांक शुल्क पडतं. सरकारलाही, म्हणजे, घरचा आणि बाहेरचा यातला फरक कळतो! मी तुझ्या नावाने करते, इथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून पाठवते. ते तिकडे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घे; एरवी तू कागद पाकिटातच ठेवतोस. गिऱ्हाईक त्यांनी आणावं, सही तू करावीस.

टीडीएसचं प्रकरण खरंच अवघड आहे. मी अनिवासी, त्यामुळे माझ्या हिश्श्यावर घेणाऱ्याला कर कापावाच लागतो, रक्कम कितीही असो. म्हणून एजंटांची युक्ती अशी की, मी तुला हक्कसोडपत्र करून द्यायचं आणि पैसे मग "घरातल्या घरात" बघायचे. तुझ्यावर माझा विश्वास आहे, पण हे नको. हिस्सा सोडला असं कागदावर लिहायचं आणि मागून पैसे घ्यायचे, हे रंगाच्या हातासारखंच झालं. त्यापेक्षा कमी कपातीच्या दाखल्यासाठी मी अर्ज करते. वेळ लागेल, गिऱ्हाइकाला तसं आधीच सांग.

मिळकत पत्रिकेवर आपल्या दोघांची वारस नोंद लागली का, ते भूमी अभिलेख कार्यालयात विचार. ती नसेल तर बाकीचं सगळं बोलणं फुकट. आणि एजंटांना रंगाचं तू सांग, जरा गोडीने. माझं बोलणं त्यांना लागतं.

तुझी,
ताई