निक सेबनच्या नोकऱ्या

अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या गव्हर्नरचा वर्षाचा पगार सव्वा लाख डॉलरच्या आसपास. त्याच राज्याच्या सरकारी विद्यापीठातला एक कर्मचारी २०२३ साली वर्षाला १ कोटी १४ लाख डॉलर घेत होता. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा कोच. नाव निक सेबन.

आणि हे एकट्या अलाबामाचं नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी कर्मचारी कोण म्हणून शोधायला गेलं, की फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोच निघतो. सार्वजनिक पैशावर बातम्या करणाऱ्या माझ्यासारख्याला असला आकडा दिसला की झोप येत नाही. म्हणून या एका माणसाच्या नोकऱ्यांचा माग काढला. पोस्ट लांब झालीय, चहा घेऊन बसा.

आधी एक खुलासा. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. हेल्मेट, खांद्यावर पॅड, लंबगोल चेंडू आणि सरळ अंगावर धावून जाणं. आणि कॉलेजचा खेळ म्हटल्यावर आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा डोळ्यांसमोर आणू नका, जिथे प्रेक्षक म्हणून चार मित्र आणि एक पाण्याचा जार असतो. अलाबामा विद्यापीठ ज्या टस्कलूसा गावात आहे, त्याची लोकसंख्या एक लाख. तिथल्या स्टेडियमची क्षमताही एक लाख.

सेबनचा जन्म १९५१ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातला. वडिलांचा पेट्रोल पंप होता. पोरगं तिथे गाड्या धुवायचं. एक जरी डाग राहिला तर वडील पूर्ण गाडी पुन्हा धुवायला लावायचे. त्यामुळे गडद निळ्या आणि काळ्या गाड्या आल्या की जिवावर यायचं, असं सेबननं अनेकदा सांगितलंय. आठवीत संगीतात मार्क कमी पडले तेव्हा वडिलांनी त्याला थेट खाणीत खाली नेलं आणि विचारलं, इथेच काम करायचंय का? तो सतरा वर्षांचा असताना, नोव्हेंबर १९६८ मध्ये, जवळच्या फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट झाला. ७८ कामगार गेले. त्या भागातल्या पोरांना खेळ म्हणजे काय होता, ते वेगळं सांगायला नको. बाहेर पडायचा रस्ता होता.

तो रस्ता त्याला ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात घेऊन गेला. ४ मे १९७० ला तिथेच नॅशनल गार्डच्या जवानांनी युद्धविरोधी निदर्शनांवर गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी ठार, नऊ जखमी. सेबन पहिल्या वर्षाला होता. आधी जेवून मग तिकडे जाऊ असं ठरवल्यामुळे तो त्या क्षणी तिथे नव्हता.

गंमत म्हणजे याला कोच व्हायचंच नव्हतं. गाड्या विकायचा धंदा करायचा होता. पण बायको टेरीचं शिक्षण एक वर्ष बाकी होतं, म्हणून तिथेच थांबायचं होतं. डॉन जेम्स या कोचनं विचारलं, माझ्या हाताखाली काम करशील का? १९७३ साल. त्याच वर्षी वडील गेले, अवघे ४६ वर्षांचे. (गाड्यांचं म्हणाल तर आज सेबन मर्सिडीजच्या शोरूममध्ये भागीदार आहे. हौस फिटली.)

पुढची सतरा वर्षं ही खरी उमेदवारी. केंट स्टेट, सिरॅक्यूस, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नेव्ही, मिशिगन स्टेट, मग ह्यूस्टनचा व्यावसायिक संघ. सात ठिकाणं, सगळीकडे सहायक. ओहायो स्टेटनं तर काढूनच टाकलं होतं. दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधायचं, नवं गाव. आपल्याकडे बँकेतल्या आणि पोलिसांतल्या लोकांना हे जगणं माहीत आहे. तेव्हा पगाराचे डोळे दिपवणारे आकडे नव्हते. म्हणून पुढे आलेल्या पैशाबद्दल मी कितीही कुरकुर केली, तरी या सतरा वर्षांबद्दल माझी काही तक्रार नाही.

१९९० ला टोलीडो विद्यापीठात पहिल्यांदा मुख्य कोच झाला. अकरापैकी नऊ सामने जिंकले आणि एका वर्षात सोडून क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघात गेला, पुन्हा सहायक म्हणून. १९९५ ला मिशिगन स्टेटमध्ये मुख्य कोच. १९९९ चा मोसम उत्तम गेला, संघाला नववर्षाच्या मोठ्या सामन्याचं निमंत्रण मिळालं, आणि तो सामना व्हायच्या आधीच सेबन लुइझियाना स्टेटकडे, म्हणजे एलएसयूकडे निघून गेला. पगार वर्षाला १२ लाख डॉलरच्या घरात. पोरांनी तो सामना त्याच्याशिवाय खेळला आणि जिंकला.

मिशिगनमधली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तिथे मानसोपचाराचे एक प्राध्यापक होते, लायनेल रोझन. त्यांनी सेबनला सुचवलं की पोरांना स्कोअरबोर्ड बघू देऊ नका. एक चाल साधारण सात सेकंद चालते. तेवढीच नीट खेळा, ती संपली की विसरा, पुढची खेळा. नोव्हेंबर १९९८ मध्ये याच जोरावर त्यांनी देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या ओहायो स्टेटला २८-२४ नं हरवलं. पुढे याच गोष्टीला 'प्रोसेस' असं नाव पडलं आणि मॅनेजमेंटच्या लोकांनी ती भाषणांत इतकी घासली की आता ऐकवत नाही. पण मूळ कल्पना साधी आणि खरी आहे. पेट्रोल पंपावर गाडी धुण्यासारखी.

एलएसयूला २००३ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. मग २००५ ला मायामी डॉल्फिन्स, व्यावसायिक संघ. तिथे दोन वर्षांत १५ विजय, १७ पराभव. नोव्हेंबर २००६ मध्ये अलाबामाची जागा रिकामी झाली आणि पत्रकार मागे लागले. २१ डिसेंबरला सेबननं कॅमेऱ्यासमोर स्वच्छ सांगितलं की मी अलाबामाचा कोच होणार नाही. ३ जानेवारी २००७ ला त्यानं अलाबामाची नोकरी घेतली. तेरा दिवस! आमच्याकडे पक्षप्रवेशाच्या आदल्या दिवशी 'मी कुठेही जाणार नाही' म्हणणारे नेते मी वीस वर्षं ऐकतोय, त्यामुळे मला धक्का बसला नाही. मायामीवाल्यांना बसला.

करार आठ वर्षांचा, ३ कोटी २० लाख डॉलरचा. एप्रिलमध्ये संघाचा आपसातला सराव सामना झाला, तो बघायला ९२ हजार लोक आले. पहिल्याच मोसमात हा संघ लुइझियाना-मन्रोसारख्या किरकोळ संघाकडून घरच्या मैदानावर हरला. त्यानंतर मात्र २००९, २०११, २०१२, २०१५, २०१७, २०२०. सहा राष्ट्रीय विजेतेपदं, एलएसयूचं धरून सात. २०१३ ला विद्यापीठाशी जोडलेल्या देणगीदारांच्या फाउंडेशननं त्याचं राहतं घर ३१ लाख डॉलरला विकत घेतलं आणि त्यालाच राहायला ठेवलं.

आता मुद्द्याचं. हा पैसा वाया गेला का? इथे माझ्यातल्या बातमीदाराची अडचण होते, कारण हिशोबानं बघितलं तर गेला नाही. एक तर हा पगार थेट करातून येत नाही. टीव्हीचे हक्क, तिकिटं, देणग्या यांतून येतो (देणग्यांवर करसवलत असते, ते सोडा). दुसरं, २००७ मध्ये या विद्यापीठात साडेपंचवीस हजार विद्यार्थी होते, २०२३ मध्ये साडेएकोणचाळीस हजारांच्या वर. त्यातले निम्म्याहून जास्त दुसऱ्या राज्यांतले, म्हणजे जास्त फी भरणारे. आपल्याकडून एमएसला गेलेल्या पोरांच्या आईबापांना 'आउट ऑफ स्टेट' फी काय असते ते कर्जाच्या हप्त्यावरून ठाऊक आहे. २००८ च्या मंदीनंतर राज्यानं उच्च शिक्षणाचा पैसा कापला आणि विद्यापीठानं ते भोक बाहेरच्या फीनं बुजवलं. शिष्यवृत्त्या दिल्या, राज्याराज्यांत माणसं पाठवली, आणि टीव्हीवर दर शनिवारी जिंकणारा संघ होताच.

पण फायदा कुणाचा झाला, हेही विचारायला हवं. अलाबामा राज्यात चौथा हिस्सा लोकसंख्या कृष्णवर्णीय आहे. विद्यापीठात हे प्रमाण एक दशांशाच्या जरा वर. मैदानावरच्या संघात मात्र बहुसंख्य तेच. याच विद्यापीठाच्या दारात जून १९६३ मध्ये गव्हर्नर जॉर्ज वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला उभा राहिला होता.

आणि ज्या पोरांच्या खांद्यांवर, गुडघ्यांवर हे सगळं उभं होतं, त्यांना काय मिळत होतं? शिष्यवृत्ती, राहणं, जेवण. पगार नाही. स्वतःच्या सहीचा टी-शर्ट विकून पैसे घेतले तरी बंदी. आणि विद्यापीठ बदललं तर साधारणपणे एक मोसम बाहेर बसायचं. कोच आज संध्याकाळी 'मी जाणार नाही' म्हणून पंधरवड्यात विमानात बसू शकतो, पण एकोणीस वर्षांच्या पोरानं तेच केलं तर वर्ष फुकट. हा नियम २०२१ ला सैल झाला. त्याच जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ९-० अशा एकमतानं खेळाडूंच्या बाजूनं निकाल दिला, आणि १ जुलैपासून जाहिरातीतून पैसे कमवायला मोकळीक मिळाली. त्याच महिन्यात सेबननं सांगितलं की आपल्या क्वार्टरबॅकचे करार दहा लाख डॉलरच्या जवळ गेलेत. पोरगं अजून एकाही सामन्यात सुरुवातीपासून खेळलं नव्हतं.

जानेवारी २०२४ मध्ये सेबन निवृत्त झाला. मार्चमध्ये वॉशिंग्टनला सिनेटरांसमोर बसून म्हणाला की पन्नास वर्षं मी ज्या गोष्टी मानल्या, त्या आता कॉलेजच्या खेळात उरल्या नाहीत. पोरं पहिल्यांदा पैशाचं विचारतात. मला हे वाचून राग आला नाही, हसू आलं. त्याचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. दरवर्षी संघ बदलणाऱ्या पोराची डिग्री कधी पुरी होणार, हा प्रश्न आहेच. पण टोलीडो एका वर्षात सोडणाऱ्या, मिशिगनच्या पोरांना मोठ्या सामन्याआधी सोडणाऱ्या माणसानं हे म्हणायचं? त्याची पोरं त्याच्याकडून सात सेकंदांचं शास्त्र शिकली, तसं हेही शिकली असतील.

त्याच्या हाताखालचे तर नक्की शिकले. एलएसयूत त्याचा सहायक असलेला जिम्बो फिशर २०१७ ला टेक्सास ए अँड एममध्ये दहा वर्षांच्या, साडेसात कोटी डॉलरच्या करारावर गेला. पुढे करार वाढवला, आणि २०२३ ला काढलं तेव्हा त्याला काम न करण्याचे ७ कोटी ६० लाख डॉलर द्यायचं ठरलं. म्हणजे सहाशे कोटी रुपयांच्या वर. त्याला नेमणारा क्रीडा संचालक पुढे एलएसयूत गेला, तिथे त्यानं ब्रायन केलीला दहा वर्षांचा करार दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केलीला काढलं, देणं ५ कोटी ४० लाख डॉलरच्या आसपास. राज्याचा गव्हर्नर जाहीरपणे चिडला, आणि काही दिवसांत तो संचालकही गेला.

रिकाम्या जागेवर एलएसयूनं लेन किफिनला आणलं. हाही सेबनच्या हाताखाली अलाबामात तीन वर्षं होता. ३० नोव्हेंबर २०२५ ला त्यानं नोकरी घेतली तेव्हा त्याचा मिसिसिपीतला संघ बारापैकी अकरा सामने जिंकून राष्ट्रीय प्लेऑफच्या दारात उभा होता. विद्यापीठानं सांगितलं, जायचं तर आत्ताच जा, प्लेऑफला तू नकोस. पोरं त्याच्याशिवाय खेळली.