कागदावर न आलेलं

घराण्याच्या गुपितांवरच्या कादंबऱ्या बहुधा एक गृहीत धरून चालतात: कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट शेवटच्या प्रकरणात बाहेर पडते. खेड्यात असं घडत नाही. कुणाचा मुलगा खरा कुणाचा, कोणत्या भावाने म्हाताऱ्याचा अंगठा घेऊन जमीन लाटली, कोणती सून विहिरीत पडली आणि कोणती ढकलली गेली, हे पारावर सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त घरात ते कुणी बोलत नाही आणि कागदावर येऊ देत नाही.

शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ (1984) हे आत्मकथन, कादंबरी नव्हे. पण ही रीत त्यात जितकी उघडी पडते तितकी क्वचितच दुसरीकडे. लेखकाचा बाप पाटील आहे हे गाव जाणून असतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. शाळेत नाव घालताना भोसले मास्तर बापाच्या जागी त्या पाटलाचं नाव लिहितात, आणि मग पाटील माणसं आणि बंदूक घेऊन शाळेत येतो. मास्तर नाव खोडत नाहीत. मराठी गद्यात इतका धीट मास्तर दुसरा सापडणं अवघड.

श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ (1987) चार पिढ्यांची, रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (2019) कित्येक शतकांची. दोन्हींचा आवाका मोठा. पिढ्यांची अशी गोष्ट सांगायला कोकणातल्या ब्राह्मण घराण्यांना छापील कुलवृत्तांतांचा आधार तरी आहे. लातूर-नांदेडकडच्या बहुतेक घरांजवळ घराखेरीज काही नव्हतं: मातीत रचलेल्या दगडांची हात-दोन हात जाड भिंत, वर पांढऱ्या मातीचं माळवद, भिंतीच्या पोटात ज्वारीचं बळद. माणूस आत उतरेल एवढं ते खोल असे आणि ज्वारीच्या तळाशी दागिनेही सुखरूप राहत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात याच भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर आली.

त्या बळदांना 1948 चं साल जितकं ठाऊक होतं तितकं कुठल्याच पुस्तकाला नाही. आधी निजामाच्या राज्यातल्या रझाकारांची दहशत: लुटलेली, जाळलेली गावं, राज्याच्या हद्दीपलीकडे बार्शी-सोलापूरकडे निघालेली कुटुंबं. मग 13 ते 17 सप्टेंबरची पोलीस कारवाई, निजामाची शरणागती. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो आणि व्हायलाच हवा; लोकांनी त्यासाठी जीव दिले आहेत. पण त्यानंतरच्या आठवड्यांत खेड्यापाड्यांतल्या मुसलमानांवर जे गुदरलं, ते पाहायला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती केंद्र सरकारने पाठवली. तिच्या मते सर्वाधिक झळ पोचलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. त्याचा वेगळा जिल्हा 1982 साली झाला. मृतांचा समितीचा अंदाज 27 ते 40 हजारांचा. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंच्या नोंदीही समितीच्या अहवालात आहेत. हा अहवाल कित्येक दशकं सरकारने छापला नाही. गावाला मात्र अहवालाची गरज नव्हती. कुणाचं शेत कुणाच्या नावावर गेलं, कोणती भांडी कुठल्या घरातून आली, कुणी कुणाला बळदात दडवलं, हे डोळ्यांसमोर घडलेलं होतं. लुटणाऱ्या घराने ते नातवंडांना सांगितलं नाही यात नवल नाही. वाचवणाऱ्या घरानेही सांगितलं नाही, कारण वाचवलं म्हटलं की कुणापासून हे सांगावं लागतं, आणि ती माणसं त्याच गल्लीत राहत होती.

2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने कागदांना भलतंच मोल आलं. मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने निजामकालीन दप्तरं उघडली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना मागणी आली, घरोघरी ट्रंका उपसल्या गेल्या. लातूर जिल्ह्यात अशा नोंदी फारच थोड्या निघाल्या.

कागद नसताना घराची गोष्ट कशी सांगायची, याचा वस्तुपाठ लातूरजवळच्या काटगावच्या रा. रं. बोराडे यांनी 1971 मध्येच घालून दिला. ‘पाचोळा’त गंगाराम शिंप्याचा संसार कसा विस्कटत गेला ते त्याची बायको पार्वती आपल्या बोलीत सांगते. ती काही उघड करत नाही, काही सिद्धही करत नाही. बोलत राहते, आणि मराठवाड्यातली याहून खरी घरगोष्ट मराठीत नाही. 1948 वर कादंबरी लिहू पाहणाऱ्याने आधी ती वाचावी आणि मग गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसावं. त्या वर्षी दहा वर्षांची असलेली मुलगी आता नव्वदीला टेकली आहे.