नव्याचे नऊ दिवस

आठवड्याचा आढावा तेवढा टिकत नाही. बाकीचं सगळं टिकलं. सुचलेलं लगेच टिपून ठेवणं टिकलं, दोन मिनिटांत होणारं काम तिथल्या तिथे उरकणं टिकलं, फोनवरची कामं एका यादीत आणि बाहेर पडल्यावरची दुसऱ्या यादीत हेही अंगवळणी पडलं. डेव्हिड ॲलन यांचं ‘गेटिंग थिंग्ज डन’ 2001 साली आलं. त्या पद्धतीने कामं लावणारी जी माणसं मला भेटतात, त्यांचंही गाडं इथेच अडलेलं असतं. आठवडा संपताना तास-दोन तास सगळ्या याद्या पुढ्यात घेऊन बसायचं, झालेलं खोडायचं, अडलेल्या कामाचं पुढचं पाऊल कोणतं ते लिहायचं. ॲलन यांचा खरा भर या बैठकीवरच आहे आणि तो मला पटतो. दोन आठवडे बैठक चुकली की यादीवरचा विश्वास उडतो. एखादी गोष्ट यादीत आहे की नाही याची खात्री वाटेनाशी झाली, की माणूस सगळं पुन्हा डोक्यात ठेवायला लागतो. यादी जागेवरच असते, पण तिचा उपयोग संपलेला असतो.

यावर घरातलं मोठं माणूस एकच म्हणणार: नव्याचे नऊ दिवस.

ही म्हण लहानपणापासून कानावर आहे. नवी सून पहाटे उठते, नवा गडी अंगण लख्ख झाडतो, जूनमध्ये नव्या वहीत मुलाचं अक्षर मोत्यासारखं येतं, आणि कोणीतरी बाजूला बसून ही म्हण टाकतं. म्हणताना सूर असा, की दहाव्या दिवशी खरं काय ते दिसेल. या सुराबद्दल अलीकडे मला शंका यायला लागली आहे. नऊ दिवसांत नक्की संपतं काय? नवेपण. मग नवेपण संपणं ही वाईट बातमी आहे, हे कोणी ठरवलं?

मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. 1960 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला रोग्याला निदान एकवीस-एक दिवस लागतात. त्यातला ‘निदान’ पुढे गळून पडला आणि कोणतीही सवय 21 दिवसांत लागते असं जगभर सांगितलं जाऊ लागलं. माल्ट्झ सवय लागण्याबद्दल बोलतच नव्हते, परकेपण जाण्याबद्दल बोलत होते. आपली म्हणही तेच मोजते. आकडा वेगळा, पण घटना एकच: अनोळखी वाटणारं ओळखीचं होणं. माल्ट्झ यांना त्यात रोग्याची सुटका दिसली, आपल्याकडे आरंभशूरपणा दिसला. एखादी गोष्ट सवयीची व्हायची तर तिचं नवेपण मरायलाच हवं ना? मग नववा दिवस हा शेवट आहे की सुरुवात?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट मोजलं. ते 2010 साली प्रसिद्ध झालं. जेवताना ग्लासभर पाणी पिण्यासारखी एखादी साधी गोष्ट लोकांनी रोज करायची. ती आपोआप व्हायला कोणाला 18 दिवस पुरले, कोणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. मधला आकडा 66. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. हे वाचून धीर आला. पण जेवायला आपण रोज बसतोच, पाण्याचा ग्लास त्याला जोडला जातो. आठवड्यातून एकदा यायचं काम कशाला जोडायचं?

इथे मला आजी आठवते, आणि आठवायला लागली की विषय माझ्या हातात राहत नाही.

आजी चातुर्मासात नेम धरायची. आषाढातल्या कांदेनवमीला घरभर भज्यांचा वास सुटायचा, एकादशीपासून कांदा-लसूण-वांगं बंद, ते थेट कार्तिकीपर्यंत. ते सगळ्यांचंच. तिचा स्वतःचा नेम त्यावर वेगळा असे. एका चातुर्मासात तिने लाख वातींचा नेम धरला. लाख वाती चार महिन्यांत म्हणजे दिवसाला आठशेच्या वर. दुपारची झाकपाक झाली की ती पाटावर बसायची. सरकी काढून पिंजलेला कापूस डाव्या हाताला, एका वाटीत चिमूटभर राख. बोटांना राख लावायची, कापसाचा पुंजका चिमटीने ओढायचा आणि तळहातावर एकदाच पुढे घासायचा. वात तयार. पुन्हा मागे घासलं की पीळ सुटतो, हे मला तिथे बसून कळलं. शंभर झाल्या की दोऱ्याने जुडी, दहा जुड्यांचा पुडा, पुडा पितळी डब्यात. पाहुणे आले, कोणी आजारी पडलं, तर दुपार जायची. मग ती म्हणायची, “असू दे गं, उद्या दोन जुड्या जास्त वळू.” तिच्या आवाजात ओशाळेपणा नसे, घाईही नसे.

दर एकादशीला ती डबा उपडा करून पुडे मोजायची. हा तिचा आढावा! आणि तो तिने कधी चुकवल्याचं मला आठवत नाही. त्या मोजण्याची ती वाट पाहायची. का, ते आत्ता लिहिताना लक्षात येतंय. तिच्यापुढे झालेल्या वातींची रास असायची. माझ्यापुढे येते ती न झालेल्या कामांची. झालेलं मी खोडून टाकलेलं असतं. ते दिसेनासं व्हावं अशीच पद्धतीची रचना आहे. कामं टिपताना डोकं हलकं होतं म्हणून टिपणं टिकतं, आणि आढाव्याला बसलं की ते सगळं ओझं परत मांडीवर येतं. हे कारण असेल, तर दोष निश्चयाचा नाही.

पण मग दुसरी गोष्ट आड येते. आजीच्या नेमाला कार्तिकी होती. मुदत तिने ठरवलेली नव्हती, पंचांगाने ठरवली होती. 2023 साली अधिक श्रावण आला तेव्हा चातुर्मास पाच महिन्यांचा झाला आणि नेमवाल्यांनी तो पाच महिने पाळला. महिना वाढला म्हणून तक्रार करायची कोणाकडे? शेवटी उद्यापन. चार महिने वळलेल्या वाती तुपात भिजवून देवापुढे लावून टाकल्या. हातात काही उरलं नाही आणि तिला ते उरायला नकोच होतं. पुढच्या आषाढात ती नवा नेम धरायला मोकळी झाली. आमच्या या पद्धतींना उद्यापन नाही. एकदा धरली की जन्मभर, आणि जन्मभराच्या गोष्टीत प्रत्येक चुकलेला शुक्रवार मोडल्यासारखा वाटतो.

म्हणून मुदत घालावी असं मी जवळजवळ ठरवलं होतं. तेवढ्यात वारी आठवली. वारीला उद्यापन नसतं. बापाची वारी मुलाकडे येते, आणि माळ घातलेला माणूस किती वर्षं असं विचारत नाही. पण तो एकटा चालत नाही. दिंडीतली माणसं त्याला ओळखतात, यंदा आला नाही तर त्याच्याबद्दल विचारतात. माझ्या शुक्रवारबद्दल कोण विचारणार? आणि कोणी विचारायला लागलं तर मी बसेन ते आढाव्यासाठी की त्या माणसासाठी? दुसऱ्यासाठी बसले तरी काम होतंच, मग हरकत काय, असंही वाटतं. आजीच्या नेमावरही सगळ्या आळीचं लक्ष होतंच.

कार्तिकीपर्यंतचा नेम धरला, समजा पाळलाही. मग काय? आजीच्या वाती लाख झाल्या तेव्हा संपल्या. माझी कामं संपणाऱ्यांतली नाहीत. यादी कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशी तेवढीच लांब असेल. उद्यापन करायचं ते कशाचं, कामांचं की नुसत्या बसण्याचं? नुसत्या बसण्याचं म्हणावं, तर मग त्या बैठकीत याद्याच हव्यात असं काय आहे? इथवर आल्यावर ॲलन यांचं पुस्तक मला पहिल्याइतकं समजलंय की नाही, याचीच खात्री वाटत नाही.