संशयाला संकेतांक नाही

ठाण्याच्या खोपट भागातील एका घरात बी.एस्सी. झालेल्या मुलीने मेडिकल कोडिंग शिकण्याचे ठरविले, तेव्हा दुकानाचा जमाखर्च लिहिण्यात आयुष्य घालविलेल्या वडिलांनी विचारले, "अगं, हे काम संगणकाचं की डॉक्टरकीचं?" खरे पाहता ते नोंदीचे काम आहे.

अमेरिकेत उपचारांचा खर्च बहुधा विम्यातून भागतो. डॉक्टरांचे टिपण वाचून रोगाला व उपचाराला ठरलेला संकेतांक दिल्यावाचून बिल पुढे सरकत नाही. धनादेशाच्या तळाशी असलेल्या नऊ अंकांतील पहिले तीन शहर, पुढचे तीन बँक आणि शेवटचे तीन शाखा सांगतात. येथेही प्रत्येक अक्षराला व अंकाला अर्थ असतो. रोगांसाठी १ ऑक्टोबर २०१५ पासून तेथे 'आयसीडी-१०-सीएम' ही सूची लागू आहे. तिच्यात सत्तर हजारांहून अधिक संकेतांक आहेत. उपचारांसाठी 'सीपीटी' ही अमेरिकन मेडिकल असोसिएशनची सूची असून ती प्रथम १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली.

एवढे पाठ कोण करणार? कोणीच नाही. 'एएपीसी' या संस्थेच्या सीपीसी परीक्षेत चार तासांत शंभर प्रश्न सोडवायचे असतात, आणि सूचीची पुस्तके जवळ ठेवता येतात. म्हणून प्रशिक्षणाचा भर शरीररचना, वैद्यकीय परिभाषा आणि नियम यांवर असतो.

सरावासाठी एकदा बाह्यरुग्णाचे टिपण आले : 'छातीत दुखते, हृदयविकाराच्या झटक्याचा संशय.' मुलीने झटक्याचा संकेतांक लिहिला. शिक्षकांनी तो खोडला. बाह्यरुग्णाच्या बाबतीत संशयित रोगाची नोंद करावयाची नसते. निदान पक्के होईपर्यंत छातीतील दुखणे, म्हणजे 'आर ०७.९', एवढेच लिहावयाचे. अन्यथा न झालेला विकार त्या रुग्णाच्या नावावर चढतो. जाणूनबुजून भारी संकेतांक लावणे ही तर फसवणूकच. सरकारी योजनांच्या अशा खोट्या दाव्यांवर तेथे १८६३ पासून चालत आलेल्या कायद्याने कारवाई होते. हे ऐकून वडील म्हणाले, "म्हणजे पावतीवाचून नोंद नाही. हे आम्हाला ठाऊक आहे." मग त्यांनी शुल्क भरले.

मात्र प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे. अनुभव नसलेल्या उत्तीर्ण उमेदवाराच्या पदवीपुढे शिकाऊ असल्याचे अक्षर लागते, आणि अनुभव मिळाल्यावरच ते निघते. शिवाय आता संगणकही संकेतांक सुचवू लागला आहे. केवळ अंक शोधणाऱ्याची गरज त्यामुळे घटू शकते. सुचविलेला अंक टिपणाशी ताडून 'याला आधार नाही' असे सांगणाऱ्याची गरज राहील.

म्हणून शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात : सराव प्रत्यक्षासारख्या टिपणांवर होतो का? परीक्षेचे शुल्क वेगळे आहे का? मागील तुकडीतील मुलांशी बोलता येईल का? उत्तरे सरळ मिळाली, तरच पैसे द्यावेत.