यादी

सगळ्यात आधी एक कबुली. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठीच्या तासाशिवाय वर्गात मराठी बोललं की दंड व्हायचा. त्यामुळे माझ्या मराठीत ‘र्‍हस्व-दीर्घ’ नावाचा प्रकार नशिबावर चालतो. मराठी विभागाची संपादक माझी रूममेट आहे आणि तिने मेसच्या रांगेत उभं राहून धमकी दिली, म्हणून हा लेख. चुका दिसल्या तर तिला सांगा.

परवा मशीन शॉपच्या नोटीस बोर्डवर रिपीट प्रॅक्टिकल्सची यादी लागली. आडनावाप्रमाणे. सगळे तिच्यासमोर गर्दी करून मोबाईलने फोटो काढत होते, आणि मला एकदम अकरावी आठवली. कारण तशीच एक यादी मीही केली होती.

२०२१ साल. मी नगरची. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या घरात अजून ‘नगर’च. आमच्या बॅचची दहावी म्हणजे परीक्षा न देता पास झालेली बॅच. नववीचे पन्नास, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे तीस आणि तोंडी-प्रात्यक्षिक वगैरेचे वीस, असे शंभर करून १६ जुलैला निकाल लागला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के! नातेवाईक पेढे खाता खाता हसायचे. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायला सरकारने परवानगी दिली होती, पण दुसरी लाट आली आणि सगळं पुन्हा बंद. जुलै २०२१ मध्ये कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावी सुरू झाली. शहरात मात्र ४ ऑक्टोबरची वाट पाहावी लागली.

आमच्या ज्युनिअर कॉलेजात थिअरी बरीचशी ऑनलाईनच ठेवली आणि मुलांना बोलवायचं ते मुख्यतः प्रॅक्टिकलसाठी, तेही टप्प्याटप्प्याने. आधी बारावी, कारण त्यांची बोर्डाची परीक्षा. मग आम्ही. माझं अक्षर बरं होतं आणि एक्सेल यायचं, म्हणून केमिस्ट्रीच्या मॅडमनी बॅचेस पाडायचं काम माझ्यावर सोपवलं. मी काय खूश! पहिल्याच आठवड्यात ‘मॅडमची असिस्टंट’.

वाटलं होतं, किती बाकं आहेत ते मोजायचं, एक सोडून एक मुलगा, झालं. पण लॅबवाल्या काकांनी मला आत नेलं आणि विचारलं, “पिपेट कसं भरतात माहितीये?” मला कुठलं माहीत असणार! पूर्वी मुलं सर्रास तोंडाने ओढून भरायची. आता तोंडावर मास्क, आणि एकाच्या तोंडातलं पिपेट दुसऱ्याच्या हातात देणं तर सोडाच. म्हणजे प्रत्येकाला रबरी बल्ब हवा. लॅबमध्ये बल्ब होते चार. काकांनी कुठून तरी आणखी चार मिळवले. दुसरं संकट सॅनिटायझरचं. दारात हातावर चोळायचं आणि आत जाऊन बर्नर पेटवायचा? त्यात अल्कोहोल असतं, हात भाजेल. म्हणून लॅबपुरता सॅनिटायझर बंद, साबणाने हात धुवायचे. आणि नळ दोन.

तर ब्युरेट वीस असली तरी बॅच आठचीच. आता थर्ड इयरला सरांनी ‘बॉटलनेक’ शिकवला तेव्हा सगळा वर्ग लिहून घेत होता आणि मला समोर ते आठ लाल बल्ब दिसत होते.

आम्ही ऐंशी जण, म्हणजे दहा बॅचेस. बारावीचे दिवस वजा जाता गुरुवार आणि शुक्रवार आमचे, दिवसाला दोन बॅचेस. आडनावांची क्रमवारी लावली, आठ-आठ कापले, रंग भरले, प्रिंट काढली. मॅडम म्हणाल्या, “व्हेरी नीट.”

पहिली बॅच ७ ऑक्टोबरला होती. घटस्थापनेचा दिवस, त्याच दिवशी राज्यातली देवळंही उघडली. आठपैकी सहा जण आले. न आलेल्यांत माझी एक मैत्रीण होती. (तिचं नाव लिहीत नाही, ती हा अंक वाचणार आहे.) ती पारनेर तालुक्यातल्या एका गावातून यायची. ४ ऑक्टोबरला राज्यभर शाळा उघडल्या आणि त्याच दिवसापासून आपल्या जिल्ह्यात रुग्ण जास्त असलेली ६१ गावं दहा दिवसांसाठी बंद केली होती. तिचं गाव त्यात. त्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार कोरोनामुक्त म्हणून पेपरात झळकत होतं, आणि हिच्या गावच्या वेशीवर बॅरिकेड.

मी तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलं. नियमच होता तसा. पुढची पाळी दहा बॅचेस झाल्यावर, म्हणजे थेट दिवाळीच्या सुट्टीनंतर.

आणि तेव्हा एस.टी.चा संप सुरू झाला होता. ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला तो संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. माळीवाडा स्टँड इतका रिकामा मी कधीच पाहिला नव्हता. तिच्या हातात विद्यार्थ्यांचा पास, पण गाडीच नाही. जीपवाले मागतील ते भाडं. एका प्रयोगासाठी जाऊन-येऊन तेवढे पैसे घरी मागायचं तिच्या जिवावर यायचं. दुसऱ्यांदा ‘गैरहजर’.

रात्री तिने जर्नल मागितलं. मी फोटो पाठवले. टायट्रेशनची तिन्ही रीडिंग्ज, कॅल्क्युलेशन, सगळं. वर फ्लास्कचाही फोटो टाकला, एंड पॉइंटचा. थोड्या वेळाने तिचा फोन आला.

“अगं, फिका गुलाबी म्हणजे नक्की कसा गं? फोटोत तर पांढराच दिसतोय.”

मी म्हटलं, “असतो तसाच. तू फक्त लिही.”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “लिहिते की. पण मला बघायचा होता.”

खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही वगैरे काही झालं नाही. लागली. पण दुसऱ्या दिवशी यादी घेऊन काकांकडे गेले आणि विचारलं, “आता काय करायचं?” त्यांनी चष्मा वर करून यादी पाहिली. म्हणाले, “पोरी, तू यादी आडनावाची केलीस. गाडी काय आडनावावर चालती का?”

मग आम्ही दोघांनी नवीन यादी केली. आडनाव नाही, रस्ता. कल्याण रोड, मनमाड रोड, पाथर्डी रोड, सोलापूर रोड. एका रस्त्यावरची मुलं एका दिवशी, म्हणजे चौघं मिळून एक जीप करू शकतील. लांबच्यांना शनिवार, आणि एका शनिवारी दोन प्रयोग, सकाळी केमिस्ट्री, डबा खाऊन फिजिक्स. शहरातली मुलं जवळची, ती कधीही येतील. शहरातल्या दोघातिघांनी कुरकुर केली, त्यात एक माझीच जिवलग. मॅडमनी प्राचार्यांची सही आणली. काका शनिवारी घरी जायचे ते थांबले. त्याचे त्यांना कुणी वेगळे पैसे दिले नाहीत.

डिसेंबरमधल्या एका शनिवारी ती आली. पहिल्यांदा घाईत नळ जास्त उघडला आणि फ्लास्क झाला एकदम राणी रंगाचा. काका म्हणाले, “ओत. परत कर.” दुसऱ्यांदा थेंब थेंब सोडला. शेवटचा थेंब पडला, तिने फ्लास्क हलवला आणि रंग राहिला. मास्कमुळे चेहरा दिसत नव्हता, पण तिने फ्लास्क खिडकीकडे धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मागे नंबर लागला होता, तरी कुणी काही बोललं नाही.

जानेवारी २०२२ मध्ये तिसरी लाट आली आणि पुन्हा काही दिवस सगळं बंद. त्याआधी तिचे चार प्रयोग झाले होते. ती आता बी.एस्सी. करते, केमिस्ट्री घेऊन. पण मी फक्त तिचीच गोष्ट सांगितली तर ते खोटं होईल. पहिल्या यादीत दोन मुलं अशी होती की जी दुसरी यादी लागेपर्यंत सुप्याच्या एम.आय.डी.सी.त कामाला लागली होती. त्यांना फोन केला तेव्हा एक जण म्हणाला, “आता राहू दे.” त्यांची नावं कुणीच कापली नव्हती. माझ्या एक्सेलमध्ये ती फक्त पुढे पुढे सरकत गेली होती.

तर मित्रमैत्रिणींनो, परवाची यादी पाहून मी वर्कशॉपच्या सरांकडे गेले. आम्ही हॉस्टेलवाले पाच मिनिटांत शॉपमध्ये पोचतो. आम्हाला संध्याकाळची बॅच द्या, आणि रोज गावाहून ये-जा करणाऱ्यांना सकाळची, म्हणजे त्यांची शेवटची गाडी चुकणार नाही, असं सांगितलं. सर म्हणाले, “आधी तुझ्या हॉस्टेलच्या मुली तयार आहेत का विचार.”

म्हणून विचारते. कोरा कागद रूमच्या दाराला लावलाय. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात गाडीची वेळ. आडनाव लिहिलं नाही तरी चालेल.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल