नातवाचे पोट

आमच्या कुर्डुवाडीच्या घरी नातू जन्मला तेव्हा नाक कोणाचे, रंग कोणाचा, ह्याची चर्चा झाली. पण त्यास काळी शी झाली की नाही, हे कोणीच पुसले नाही. निरोगी बाळास ती बहुधा 24 तासांत, फार तर 48 तासांत होते. ह्यास तिसऱ्या दिवशी झाली. पोट फुगे, तेव्हा आम्ही हिंग लावला. एरंडेलात बुडविलेला विड्याच्या पानाचा देठ वापरला. देठाने पोट उतरे आणि आमचा शहाणपणा फुगे! हिरवी उलटी झाली, तेव्हा कोठे पुण्याची गाडी धरली.

हा हिर्शस्प्रुंगचा विकार. त्या नावाच्या डॅनिश बालवैद्याने तो 1886 साली वर्णिला. आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात. तो आखडलेला राहतो व मागचे सारे तुंबते. पुढचा सिग्नल पडला नाही की मागच्या गाड्या खोळंबतात, हे जंक्शनवाल्यांस निराळे सांगावे लागत नाही.

स्वेन्सन ह्यांनी 1948 साली प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागे. 1995 पासून दुर्बिणीची रीत आली. आमच्या बाळास तीन बारीक छिद्रे पाडली. तुकडा तपासून पेशी कोठून सुरू होतात ते पाहिले, सदोष भाग गुदद्वारावाटे ओढून काढला व निरोगी टोक तेथे जोडले. व्रण आता शोधावे लागतात.

आमचा एक धाकटा भाऊ असाच पोट फुगून गेला होता. दृष्ट लागली, असे आई मरेपर्यंत म्हणे.

हल्ली बारशास गेलो की आम्ही आधी शीची चौकशी करतो. बायका पदर तोंडाशी धरून हसतात.